मिलिमीटरभर कार्बन

मृग जवळ आला की वाशीम जिल्ह्यात रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा या पट्ट्यात रोटाव्हेटर लावलेले ट्रॅक्टर उसंत घेत नाहीत. काळी जमीन तापून दगड झालेली असते, ढेकळे पात्याला उलटा हिसका देतात आणि तो हिसका साखळीने, शाफ्टने थेट गिअरबॉक्सपर्यंत पोहोचतो. तिथे एका गिअरचा दात दुसऱ्या गिअरच्या दाताला टेकतो ती जागा केसाएवढी अरुंद असते. त्या रेघेवर दर चौरस मिलिमीटरला शंभर किलोंच्या पुढे दाब येतो, तोही मिनिटाला शेकडो वेळा. हा दाब सोसायचा तर दाताचा पृष्ठभाग काचेसारखा कठीण हवा. पण दात आतपर्यंत तसाच कठीण केला, तर पहिल्या मोठ्या हिसक्याला तो काचेसारखाच तुटेल.

यावरचा तोडगा असा की कठीणपणा फक्त बाहेरच्या मिलिमीटरभरातच द्यायचा. दाताचा गाभा कमी कार्बनच्या चिवट पोलादाचा राहतो आणि वरच्या थरात भट्टीतल्या वायूतून कार्बन मुरवला जातो. याला कारखान्यात कोणी गॅस कार्बुरायझिंग म्हणतो, कोणी नुसते ‘केस’ म्हणतो. वाशीम हा सोयाबीन-तुरीचा जिल्हा, इथे वाहनउद्योग नाही. इथल्या ट्रॅक्टर, थ्रेशर आणि मोटरसायकलींमधल्या अशा दातांचे काम भोसरी, चाकण, वाळूज, कोल्हापूर, नागपूरजवळचे हिंगणा अशा औद्योगिक वसाहतींतून आणि राज्याबाहेरच्या कारखान्यांतून होऊन येते. वापर मात्र खेडोपाडी आहे, आणि भट्टीत काय चुकले याचा निकालही अनेकदा शेतातच लागतो.

लोखंडाला कार्बन चारणे ही मुळात अवघड गोष्ट नाही. माणसाला ते फार जुन्या काळापासून येते. अवघड आहे ते मोजून चारणे, आणि या विद्येचा गेल्या शंभरएक वर्षांचा इतिहास जवळजवळ सगळा त्या मोजमापाचाच आहे.

विदर्भाला तर हा विषय परका नाहीच. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंड येथे १९७८-८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी केलेल्या उत्खननात महापाषाण काळातली लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. माहूरझरीच्या शिळावर्तुळांतून कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्यांचे साज निघाले. विदर्भातल्या अशा लोखंडी वस्तूंची पुढे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली, तेव्हा कार्बन मुरवून पोलाद करण्याची आणि तापवून विझवण्याची कला त्या कारागिरांना अवगत होती असे दिसले. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी याच प्रदेशात कोणीतरी लाल तापलेले लोखंड कोळशात दाबून ठेवत होते आणि धारेसाठी थांबत होते. किती वेळ थांबायचे, हे मात्र हाताला आणि डोळ्यालाच ठाऊक.

आजही गावोगावी फिरणारा घिसाडी वखराची पास पाजवतो तेव्हा याच रसायनाशी त्याची गाठ पडते. भात्याच्या तोंडाशी हवा भरपूर असते, तिथे लोखंड ठेवले तर कार्बन उलट जळून जातो आणि धार मऊ पडते. निखाऱ्यांच्या पोटात, हवेपासून दूर ठेवले तर कार्बन आत शिरू शकतो. वीतभर अंतरात भट्टी देणारी की घेणारी हे बदलते. गॅस कार्बुरायझिंगचा सगळा प्रश्न या वीतभर अंतरात सामावलेला आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

लोखंड आणि पोलाद यांत फरक नेमका कशाचा, हे युरोपला उशिरा कळले. फ्रान्समध्ये रेओम्यूरने १७२२ मध्ये कोळसा आणि इतर पदार्थांत लोखंड भाजून पोलाद करण्यावर ग्रंथ लिहिला. बाहेरून काहीतरी आत जाते एवढे त्याने दाखवले. ते ‘काहीतरी’ म्हणजे कार्बन, हे १७८६ मध्ये वांदरमाँद, बर्थोले आणि मोंज या तिघांनी मांडले. त्या शतकाच्या अखेरीला क्लूए याने तर हिरा लोखंडात बंद करून तापवला. हिरा नाहीसा झाला आणि लोखंडाचे पोलाद झाले. इतका महागडा कोळसा विज्ञानाने क्वचितच वापरला असेल.

पुढे कळलेली गोष्ट अधिक मजेदार आहे. लोखंडाचे भाग कोळशाच्या भुकटीत, त्यात बेरियम कार्बोनेट मिसळून, पेटीत बंद करून भाजायची पद्धत विसाव्या शतकातही सर्रास होती आणि लहान कारखान्यांत अजूनही दिसते. पाहणाऱ्याला वाटते, कोळसा लोखंडाला चिकटून आत जातो. प्रत्यक्षात पेटीत अडकलेल्या हवेतला ऑक्सिजन कोळशाशी मिळून कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि कार्बन पोलादापर्यंत नेण्याचे काम मुख्यत्वे तो वायू करतो. बेरियम कार्बोनेट त्या वायूची निर्मिती वाढवते. म्हणजे पेटीतली पद्धतही पोटातून वायूचीच होती; फक्त वायू कोणाच्या ताब्यात नव्हता.

मग वायूतला कार्बन घन धातूत शिरतो तरी कसा? त्यासाठी आधी धातूची रचना बदलावी लागते. साध्या तापमानाला लोखंडाच्या स्फटिकात कार्बनला जवळजवळ थारा नसतो. ७२७ अंश सेल्सिअसलाही त्याची मर्यादा वजनाने सुमारे ०.०२ टक्के एवढीच आहे. त्याच्या वर तापवत गेले की लोखंडाचे अणू वेगळ्या मांडणीत बसतात. या रूपाला ऑस्टेनाइट म्हणतात, ब्रिटिश धातुशास्त्रज्ञ रॉबर्ट्स-ऑस्टेन याच्या नावावरून. गंमत अशी की या मांडणीत अणू अधिक दाटीने बसलेले असतात, पण त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या असतात. कार्बनचा लहान अणू त्यांत सामावतो. ९२५ अंशांना ऑस्टेनाइट सव्वा टक्क्याच्या आसपास कार्बन पोटात घेऊ शकते. म्हणून भट्टी ९०० ते ९५० अंशांवर चालते.

भट्टीत जो वायू सोडतात तो साधारणपणे एंडोगॅस असतो. नैसर्गिक वायू किंवा एलपीजी हवेच्या मोजक्या प्रमाणात मिसळून, निकेलच्या उत्प्रेरकावरून तापलेल्या नळीतून नेला की हा तयार होतो. नैसर्गिक वायूपासून केला तर त्यात ढोबळमानाने २० टक्के कार्बन मोनॉक्साइड, ४० टक्के हायड्रोजन आणि ४० टक्के नायट्रोजन असतो. एंडोगॅस हा फक्त वाहक. त्यात थोडा जादा प्रोपेन किंवा एलपीजी सोडून कार्बनची भर घालतात, कारखान्याच्या भाषेत ‘एनरिच’ करतात.

पोलादाच्या पृष्ठभागावर खरा व्यवहार कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन मिळून करतात. मोनॉक्साइडचा रेणू पृष्ठभागावर तुटतो, कार्बन धातूत उतरतो, सुटलेला ऑक्सिजन हायड्रोजन उचलतो आणि पाण्याची वाफ होऊन निघून जातो. मोनॉक्साइडचे दोन रेणू मिळून एक कार्बन आणि एक डायऑक्साइड अशीही वाट आहे, पण ती कितीतरी मंद. मिथेनपासून थेट कार्बन मिळणे त्याहूनही सावकाश. त्यामुळे कार्बन उतरण्याचा वेग मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांच्या टक्केवारीच्या गुणाकारावर ठरतो. एंडोगॅसमध्ये हा गुणाकार २० गुणिले ४०, म्हणजे ८००. नुसते मिथेनॉल थेंबाथेंबाने भट्टीत सोडले तर त्याचे विघटन होऊन एक भाग मोनॉक्साइड आणि दोन भाग हायड्रोजन मिळतो. गुणाकार २,२०० च्या घरात जातो. लहान कारखान्यांच्या पिट फर्नेसवर झाकणातून ठिबकणारे मिथेनॉल दिसायला गावठी वाटते, पण सुरुवातीच्या वेगात ते एंडोगॅसला मागे टाकू शकते.

हा सगळा व्यवहार दुहेरी आहे, हे इथे विसरून चालत नाही. वाफ आणि डायऑक्साइड वाढले तर तेच वायू पोलादातला कार्बन परत ओढून घेतात. देणे आणि घेणे ज्या पातळीवर समसमान होते त्या पातळीला कार्बन पोटेन्शिअल म्हणतात, शॉपमध्ये ‘सीपी’. सीपी ०.८ म्हणजे त्या तापमानाला, त्या वायूत, शुद्ध लोखंडाचा पातळ पत्रा पुरेसा वेळ ठेवला तर त्यात ०.८ टक्के कार्बन भरेल. त्याहून जास्त कार्बनचे पोलाद त्याच भट्टीत ठेवले, तर ते कार्बन गमावून बाहेर येईल.

पृष्ठभागावर उतरलेला कार्बन आत सरकतो तो मात्र स्वतःच्या चालीने. काळ्या मातीवर पहिला पाऊस पडतो तेव्हा सुरुवातीला पाणी झपाट्याने मुरते. थोड्या वेळाने वरची माती भिजून चिंब होते आणि मग आभाळातून कितीही पडो, ओल खाली जायची तेवढ्याच गतीने जाते. पोलादाचेही तसेच. पहिल्या टप्प्यात वायू किती वेगाने कार्बन देतो यावर काम अडते; नंतर पृष्ठभाग भरत आला की आतला प्रवासच वेग ठरवतो. आणि खोली वेळेच्या वर्गमुळाने वाढते. या विसरणाचा नियम १८५५ मध्ये अ‍ॅडॉल्फ फिकने मांडला. तो पेशाने शरीरशास्त्रज्ञ होता, पाण्यात मीठ कसे पसरते ते पाहत होता. घन धातूतही अणू असेच चालतात हे मोजून दाखवले ते रॉबर्ट्स-ऑस्टेनने, १८९६ मध्ये, शिशात सोने मुरवून.

भट्टीवरच्या माणसाला या वर्गमुळाची झळ रोज लागते. १९४० च्या दशकात हॅरिस या संशोधकाने दिलेले सोपे सूत्र अजून वापरात आहे: ९२५ अंशांना एकूण थराची खोली मिलिमीटरमध्ये म्हणजे तासांचे वर्गमूळ गुणिले ०.६३५. चार तासांत १.२७ मिलिमीटर. त्याच्या दुप्पट, म्हणजे २.५४ मिलिमीटर हवे असेल तर आठ तास पुरत नाहीत, सोळा लागतात. ट्रॅक्टरच्या गिअरला मिलिमीटरच्या आगेमागे थर पुरतो, म्हणून तो एका पाळीत बसतो. पवनचक्कीच्या गिअरबॉक्समधल्या मोठ्या गिअरला चार मिलिमीटर लागले तर हेच सूत्र चाळीस तास सांगते. तापमान वाढवून वेळ वाचवता येतो: ९२५ वरून ९८० अंशांवर गेले की कार्बनची चाल पावणेदोन ते दोन पट होते. पण पोलादाचे कण फुगतात, भट्टीच्या नळ्या आणि ट्रे लवकर जळतात, आणि गिअर वाकडा होण्याची भीती वाढते. म्हणून बहुतेक जण ९३० च्या आसपासच राहतात.

कार्बन जास्त दिला तर काय बिघडते, हा प्रश्न नवख्याला पडतोच. कठीणपणा वाढेल की! तसे होत नाही. ०.८ टक्क्यांच्या फार पुढे गेले की जादा कार्बन लोखंडाशी मिळून कार्बाइड बनतो आणि कणांच्या सीमांवर जाळे विणतो. त्या जाळ्यातून दाताचा तुकडा सहज निखळतो. शिवाय विझवल्यावर सगळे ऑस्टेनाइट कठीण मार्टेन्साइटमध्ये बदलत नाही. बराच भाग मऊ ऑस्टेनाइटच राहतो. म्हणून आधी सीपी १.० किंवा किंचित वर ठेवून कार्बन भरायचा, नंतर ०.८ च्या आसपास उतरवून तो आत पसरू द्यायचा, अशी दोन टप्प्यांची चाल असते. ‘बूस्ट’ आणि ‘डिफ्यूज’ हे शब्द भोसरीतल्या ऑपरेटरच्या तोंडी मराठीच झालेले आहेत.

यानंतर तेलात विझवणे, आणि मग १५० ते २०० अंशांवर टेम्परिंग, म्हणजे पुन्हा हलके तापवणे. या विझवण्यात एक सुंदर योगायोग दडलेला आहे. गाभ्यात कार्बन ०.२ टक्के, म्हणून तिथले ऑस्टेनाइट ४०० अंशांच्या जवळपासच मार्टेन्साइट होऊ लागते. वरच्या थरात कार्बन ०.८, तिथे हा बदल २०० अंशांच्याही खाली जाऊन सुरू होतो. म्हणजे पृष्ठभाग आधी थंड झाला तरी रूप बदलतो तो गाभ्याच्या नंतर. मार्टेन्साइट होताना आकारमान वाढते. गाभा आधीच घट्ट झालेला, त्यामुळे फुगू पाहणारा वरचा थर जागच्या जागी दाबला जातो. दाताच्या मुळाशी भार पडून ताण येतो तेव्हा आधी हा साठवलेला दाब खर्ची पडावा लागतो, तडा त्यानंतर. कार्बुराइझ केलेल्या गिअरच्या दीर्घायुष्याचे श्रेय लोक कठीणपणाला देतात; निम्मे तरी या दाबाला द्यायला हवे.

पुन्हा मोजमापाकडे. सीपी थेट मोजणारे उपकरण भट्टीत नसते. जुने कारखाने वायूचा दवबिंदू पाहत. मग डायऑक्साइड मोजणारे इन्फ्रारेड यंत्र आले. आता बहुतेक ठिकाणी झिर्कोनियाचा ऑक्सिजन प्रोब असतो. भट्टीतल्या वायूत मुक्त ऑक्सिजन इतका नगण्य असतो की त्याचा दाब वातावरणाच्या दाबाला एकावर वीस शून्यांनी भागावे एवढाच भरतो. बाहेरची हवा आणि आतला वायू यांतल्या या प्रचंड फरकामुळे प्रोबमध्ये १.१ व्होल्टच्या पुढे विद्युतदाब तयार होतो, आणि नियंत्रक त्यावरून सीपीचा आकडा काढतो.

पण तो आकडा एका गृहीतावर उभा आहे: भट्टीत मोनॉक्साइड २० टक्केच आहे. एंडोगॅस एलपीजीपासून केला तर मोनॉक्साइड २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचे मिश्रण. टाकीतून प्रोपेन आधी वाफ होऊन जातो, ब्युटेन मागे राहतो, थंडीत हा फरक अधिक. म्हणजे टाकी भरलेली असताना आणि तळाला आलेली असताना वायू सारखाच नसतो. नियंत्रकाच्या पडद्यावर ०.८० स्थिर दिसतो आणि गिअर प्रत्यक्षात दुसऱ्याच आकड्यावर शिजत असतो. भर म्हणून प्रोबवर काजळी धरते आणि तो खोटे वाचतो. जाणते शॉप म्हणूनच अधूनमधून कागदासारखा पातळ लोखंडी पत्रा भट्टीत सोडतात, तो कार्बनने पूर्ण भरू देतात आणि आधी-नंतरच्या वजनावरून खरा सीपी ताडून पाहतात. महागड्या प्रोबचा हिशेब शेवटी तराजूवर तपासला जातो, यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

पोलादाचा प्रकारही हिशेब बिघडवतो. इकडे २०एमएनसीआर५, ईएन ३५३, एसएई ८६२० ही नेहमीची पोलादे. क्रोमियम कार्बनला धरून ठेवते, त्यामुळे त्याच वायूत क्रोमियमचे पोलाद शुद्ध पत्र्यापेक्षा जास्त कार्बन घेते. निकेल आणि सिलिकॉन उलट वागतात. एकाच ट्रेमध्ये दोन प्रकारचे पोलाद भरून वीज वाचवू पाहणाऱ्याला हे महागात पडते.

वायूपद्धतीचा एक दोष मात्र कितीही मोजले तरी जात नाही. ज्या वायूत लोखंड गंजत नाही, त्याच वायूतल्या क्षुल्लक ऑक्सिजनने क्रोमियम, मँगेनीज आणि सिलिकॉन गंजतात. कणांच्या सीमांवरून हा गंज दहा-वीस मायक्रॉन आत उतरतो. हे घटक अडकून पडले की तिथले पोलाद विझवताना नीट कठीण होत नाही, आणि दाताच्या मुळाशी थकव्याचा तडा बहुधा इथूनच निघतो. ग्राइंडिंगमध्ये दाताच्या बाजूंवरचा हा थर निघून जातो, मुळाशी तो तसाच राहतो. शॉट पीनिंगने, म्हणजे बारीक गोळ्यांच्या माऱ्याने, काही भरपाई होते.

कानशीची परीक्षा मेकॅनिक लोकांना माहीत असते: दातावर कानस घासली आणि ती न धरता घसरली, म्हणजे ‘केस’ आहे. परीक्षा खरी आहे, पण ती थराच्या वरच्या कातडीपुरतीच. थर ०.३ मिलिमीटर आहे की एक, हे कानस सांगत नाही. त्यासाठी तुकडा कापून, चकाकवून, पृष्ठभागापासून आत आत कठीणपणा मोजत जातात आणि तो ५५० विकर्सवर उतरतो तिथे ‘इफेक्टिव्ह केस डेप्थ’ धरतात. कापलेला गिअर विकता येत नाही, म्हणून प्रत्येक घाण्याबरोबर त्याच पोलादाचा टेस्ट पीस भट्टीत जातो. पुण्यातली एआरएआय ही १९६६ पासूनची वाहन-संशोधन संस्था असो की कारखान्याची स्वतःची लॅब, तिथे तपासला जातो तो बहुतेकदा हा साक्षीदार तुकडा. बिननावाच्या डब्यातून येणाऱ्या स्वस्त सुट्या भागामागे असा तुकडा होता की नाही, हे जिल्ह्याच्या ठिकाणच्या दुकानदारालाही कळायला मार्ग नसतो.

गेल्या काही दशकांत मोठ्या वाहन कंपन्या निर्वात भट्टीकडे वळल्या आहेत. तिथे काही मिलिबार दाबाला अ‍ॅसिटिलीनचे झटके देतात. अ‍ॅसिटिलीन पृष्ठभागावर आदळताच फुटते, कार्बन झपाट्याने उतरतो, आणि वायूत ऑक्सिजन नसल्याने कणांच्या सीमांवरचा तो गंज होत नाही. तेलाऐवजी दाबाखालच्या नायट्रोजनने थंड केले तर गिअर कमी वाकतो. इलेक्ट्रिक गाड्यांत गिअर मोजकेच असतात, पण वेग फार आणि इंजिनाचा आवाज नाही. दाताची काही मायक्रॉनांची वाकडी चालही कानाला लागते. त्यामुळे ही खर्चिक भट्टी परवडू लागली आहे.

पण या पद्धतीत देणे-घेणे उरलेले नाही. अ‍ॅसिटिलीन फक्त देते. कार्बन परत घेणारी वाफ नाही, डायऑक्साइड नाही, म्हणून समतोलही नाही. समतोल नाही म्हणजे सीपी नाही, आणि झिर्कोनियाच्या प्रोबला तिथे वाचण्यासारखे काही नाही. किती सेकंद वायू सोडायचा, किती मिनिटे थांबायचे, हे संगणकावर आधी मांडलेल्या गणितावरून ठरते. त्या गणितात भट्टीत भरलेल्या मालाचे एकूण क्षेत्रफळ घालावे लागते, प्रत्येक दाताची प्रत्येक बाजू धरून. ते कमी धरले तर कार्बन अपुरा पडतो; जास्त धरले तर दाताच्या टोकांवर, जिथे दोन्ही बाजूंनी कार्बन येतो आणि आत सरकायला जागा नसते, कार्बाइडची गर्दी होते. ते झाले का हे भट्टी चालू असताना कळत नाही. टेस्ट पीस बाहेर येईपर्यंत, कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवेपर्यंत थांबावे लागते.